उघडलेली बाटली ताजी कशी राहते?

वाइन बारच्या फळ्यावर वीस-तीस वाइनचे दर पेल्याच्या हिशेबाने लिहिलेले असतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच पेले भरतात. पहिला पेला आज आणि पाचवा चार दिवसांनी विकला गेला, तरी चव टिकते ती कशी?

वाइन बिघडवतो तो हवेतला ऑक्सिजन. चिरलेले वांगे उघड्यावर काळे पडते, तशीच उघडी वाइनही बदलते. तिचा फळांसारखा सुगंध मावळतो. पुढे हवेवर पोसणारे जिवाणू अल्कोहोलचे आम्ल करतात आणि वाइनला व्हिनेगरची आंबट चव येते. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त.

म्हणून बारमध्ये रिकाम्या जागेत हवेऐवजी आर्गॉन वायू भरतात. हवेत तो सुमारे १ टक्का असतो. तो वाइनमधल्या कशाशीही संयोग पावत नाही. यंत्रातून आर्गॉन बाटलीत शिरतो, त्याच्या दाबाने वाइन नळीतून वर चढून पेल्यात पडते आणि मोकळी झालेली जागा आर्गॉनच व्यापतो. दुसऱ्या पद्धतीत बूच न काढता त्यातून पोकळ सुई घालतात आणि तिच्यातूनच आर्गॉन आत सोडून वाइन बाहेर काढतात. सुई काढली की लवचीक बूच छिद्र मिटवून घेते.

थंडाव्यात वाइन बिघडवणाऱ्या क्रिया मंदावतात. म्हणून घरी उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावे आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी.