झोळी लुगड्याची, फाइल कागदाची



कपाशी निंदताना डोक्यावरून घरघर करत लहानसं विमान गेलं, की आपण सगळ्या कमरेवर हात ठेवून वर बघतो. शिरपूरला वैमानिक घडवणारी अकादमी आहे. जळगावच्या विमानतळावरून प्रवासी विमानंही ये-जा करतात. त्यामुळे विमान आता आपल्याला नवं राहिलं नाही. पण गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, हे खाली पडलं तर? नुकसान कोण भरून देईल?" आम्हा समन्वयक बायांना लगेच उत्तर देता आलं नाही. मग आम्ही माहिती काढली. तीच आज सांगतो.

हा प्रश्न हवेतला नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या अकादमीचं प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या डोंगरात कोसळलं. विमानात दोघंच होती. शिकवणारे वैमानिक जागीच गेले. शिकणारी तरुण मुलगी गंभीर जखमी झाली. तिथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आवाज ऐकून आसपासचे आदिवासी बायामाणसं धावली. मुलीला उचलून न्यायला काही नव्हतं, तेव्हा एका भिल्ल समाजाच्या बाईने अंगावरचं लुगडं सोडून दिलं. त्याची झोळी झाली आणि त्या झोळीतून मुलीला डोंगराखाली आणलं.

बायांनो, तिला जगवलं ते हातांनी. पण अपघातात सापडलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य हातांवर भागत नाही. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, मागे राहिलेली लेकरं हे सगळं कागदावर उभं राहतं. म्हणून आज चार गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली गोष्ट : तपास वेगळा आणि भरपाई वेगळी.

विमान पडलं की विमान अपघात तपास ब्यूरो नावाचा केंद्र सरकारचा विभाग चौकशी करतो. यंत्र बिघडलं का, हवा कशी होती, माणूस कुठे चुकला का, हे तो शोधतो. पण नियमातच लिहिलं आहे, की हा तपास पुन्हा असा अपघात होऊ नये यासाठी आहे, कुणावर दोष ठेवण्यासाठी नाही. त्यामुळे "चौकशी चालू आहे, निकाल लागला की पैसे मिळतील" असं समजून घरी बसून राहायचं नाही. भरपाईची मागणी आपली आपण, वेगळी करावी लागते.

दुसरी गोष्ट : अपघाताच्या वेळी तुम्ही कोण होता, त्यावर कायदा ठरतो.

तिकीट काढून परदेशी निघालेल्या प्रवाशासाठी माँट्रियल करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात २००९ पासून आहे. ठरावीक रकमेपर्यंत कंपनीची चूक सिद्ध करायची गरज नाही. ही मर्यादा डिसेंबर २०२४ मध्ये वाढली, ती आपल्या पैशात पावणेदोन ते दोन कोटींच्या घरात जाते. मात्र तेवढी रक्कम सगळ्यांना सरसकट मिळते असं नाही. आपलं नुकसान किती झालं, ते दाखवावंच लागतं. मर्यादेच्या वरची मागणी असेल, तर आपली चूक नव्हती हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. देशातल्या देशात प्रवास असेल तर रकमेची मर्यादा वेगळी असते.

विमानात नोकरीवर असलेल्याचं वेगळं. कामावर असताना जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ पासून आहे आणि विमानातले कर्मचारीही त्यात येतात. शिकणाऱ्या मुलामुलींचं बरंचसं प्रवेशाच्या करारावर आणि विम्यावर अवलंबून असतं. आपली लेक उद्या वैमानिक व्हायला निघाली तर फी विचारतो तसं हेही विचारायचं, "विमा कितीचा, आणि कशाकशाचा?" करार वाचल्याशिवाय सही करायची नाही.

राहिली आपल्यासारखी, खाली जमिनीवरची माणसं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला लंडनकडे निघालेलं विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. विमानातले २४१ जण गेले आणि जमिनीवरचे १९ जण गेले. जमिनीवरच्यांकडे तिकीट नसतं, म्हणून प्रवाशांचा करार त्यांना लागू होत नाही. कंपनी किंवा सरकार स्वतःहून मदत जाहीर करतं, अहमदाबादला तशी झालीही. पण हक्क म्हणून मागायचं तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं आणि तिथे हलगर्जीपणा दाखवावा लागतो. म्हणजे पुरावा जास्त लागतो, तोही आपल्याच लोकांना.

तिसरी गोष्ट : घरकाम करणाऱ्या बाईचीही भरपाई मोजली जाते.

"ती काय, घरीच असायची" हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! भरपाई ठरवताना कमाईचा दाखला मागतात, तेव्हा हेच वाक्य बाईच्या आड येतं. पण सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलेलं नाही. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका आणि मुलं गेली. त्या खटल्यात २००१ मध्ये न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. रक्कम आज थोडी वाटेल, पण बाईच्या कामाला किंमत आहे हे तिथे लेखी आलं. पुढे जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की स्वयंपाक, पाणी, म्हाताऱ्यांची सेवा, मुलांचं करणं, गावाकडे शेत आणि गुरांचं बघणं हे सगळं कामच आहे. त्या निकालात २०११ च्या जनगणनेचा दाखला आहे. जवळजवळ १६ कोटी बायांनी घरकाम हाच आपला मुख्य उद्योग सांगितला होता.

तो खटला रस्त्यावरच्या अपघाताचा होता. विमानात आपण बसू तेव्हा बसू, पण मोटरसायकल, काळीपिवळी आणि ट्रॅक्टर तर रोजचेच. त्यामुळे हा मुद्दा आपल्याला रोज उपयोगी आहे. गटाची वही इथे कामी येते. बचत किती भरली, कर्ज कशासाठी घेतलं, शिवणकाम की शेळ्या, हे तारखेसह लिहिलेलं असेल तर बाईच्या कमाईचा तो पुरावा होतो. म्हणून वही नीट ठेवा, बायांनो.

चौथी गोष्ट : वेळ आणि कागद.

माँट्रियल कराराखाली दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. रस्ता अपघाताच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, म्हणून उशीर झाला असला तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडून देऊ नका. दुःखात दिवस कसे जातात ते कळत नाही. अशा वेळी गटातल्या दोघींनी त्या घरी जाऊन फाइल करायला घ्यावी. पोलीस पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रं आणि बिलं, मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि दाखला, आधार, रेशनकार्ड, सातबारा, आणि पीक किंवा गुरांचं नुकसान असेल तर त्याचे फोटो, हे सगळं एकत्र करावं.

कुणी धनादेश घेऊन आलं आणि "यापुढे माझी काही मागणी नाही" अशा कागदावर सही मागितली, तर थांबा. आधी वकिलाला दाखवा. वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही काळजी नको. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला वकील फुकट मिळतो. तिचं उत्पन्न किती आहे ते विचारत नाहीत. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते.

आणि विमान खरोखर पडलंच तर आधी ११२ किंवा १०८ ला फोन करा. इंधनाने आग भडकते, म्हणून जपून जा. माणसं किंवा जनावरं अडकली असतील तर त्यांना काढायला अवशेष हलवले तरी नियमाने चालतं. बाकी एक तुकडाही उचलायचा नाही, आठवण म्हणूनसुद्धा नाही. तपास त्याच तुकड्यांवर होतो.

वर्डीच्या डोंगरात त्या बाईने कायदा विचारला नाही, लुगडं सोडलं. ती माया आपल्यात आहेच. आता तिच्या जोडीला एक फाइल ठेवू. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातले कागद एका पिशवीत घालून आणा, आम्ही सोबत बसून लावून देऊ.

राम राम.