कॉलरवरचा माइक

शर्टाच्या कॉलरला अडकवता येईल एवढा माइक मैफल टिपू शकतो, याचं श्रेय इलेक्ट्रेट तंत्राला. १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी ते विकसित केलं. यात प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर विद्युतभार कायमचा बसवलेला असतो. वीज लागते ती फक्त आतल्या इवल्याशा अ‍ॅम्प्लिफायरला.

गोम तिथेच आहे. रेकॉर्डरच्या सॉकेटमधून त्याला जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. रॉकच्या कार्यक्रमात ड्रम कडाडला की हा अ‍ॅम्प्लिफायर कोलमडतो आणि आवाज फाटतो. मग रेकॉर्डरची पातळी कितीही कमी करा, उपयोग शून्य, कारण बिघाड माइकमध्येच झालेला असतो. नऊ व्होल्टची बॅटरी असलेली छोटी डबी मध्ये जोडली, की तोच माइक बराच मोठा आवाज पचवतो.

तानपुऱ्याच्या मैफलीत अडचण उलटी: आवाज फार हळू. पडदा जितका लहान, तितकी माइकची स्वतःची खरखर जास्त. तिथे माइकच्या माहितीपत्रकातला खरखरीचा आकडा पाहून घ्यावा. चौफेर ऐकणारा माइक खर्ज छान पकडतो, पण शेजाऱ्याची ‘वाहवा’ही! गर्दीत एकाच दिशेचं ऐकणारा माइक बरा. आणि लहान म्हणजे लपवायला नव्हे; कलाकाराची परवानगी आधी घ्यावी.