कंपनी बदलली की बिल उतरतं?

मुंबई उपनगरांत टाटा की अदाणी (तेव्हाची रिलायन्स), अशी वीज कंपनीची निवड घरगुती ग्राहकाला २००९पासून करता येते. पण कंपनी बदलली तरी घरात येणारी तार बहुधा जुनीच राहते. त्यामुळे तिचं भाडं, म्हणजे बिलातला ‘वहन आकार’, सुटत नाही. १६ टक्के वीज शुल्कही कोणाकडे गेलात तरी ठरलेलंच. खरा फरक पडतो तो युनिटच्या दरात, आणि तोही टप्प्याटप्प्याने: १०० युनिटपर्यंत एक दर, ३००पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. म्हणून शेजाऱ्याला स्वस्त पडलेली कंपनी तुम्हाला महाग पडू शकते. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला दुसरी कंपनी निवडता येत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे तर हा प्रश्नच नाही! कंपनी बदलायचा अर्ज करण्याआधी वर्षभराची बिलं काढून दोन्ही दरपत्रकांवर आकडेमोड करा. एकट्या मे महिन्याच्या बिलावर जाऊ नका.