पत्रा नेमका कधी शरण जातो? एका दिशेची चाचणी का अपुरी पडते

मोटारीच्या दरवाजाचा बाहेरचा पत्रा डायमध्ये दाबला जातो, तेव्हा तो लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना एकाच वेळी ताणला जातो. मात्र पत्र्याची सर्वांत प्रचलित चाचणी त्याला एकाच दिशेने ओढते. अरुंद पट्टी यंत्राच्या जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ताणायची, एवढीच ती प्रक्रिया. या तफावतीमुळे संगणकावर बिनचूक दिसलेला सुटा भाग प्रेस शॉपमध्ये वेगळाच निघू शकतो आणि महागडी डाय पुन्हा दुरुस्त करावी लागते.

ताण काढल्यावर पत्रा पूर्ववत होतो, तोवर तो स्थितिस्थापक असतो. ज्या मर्यादेपलीकडे तो कायमचा आकार घेतो, तिला अभियंते ‘यील्ड’ म्हणतात. एका दिशेच्या ताणासाठी ही मर्यादा एका आकड्यात सांगता येते. दोन दिशांसाठी वक्ररेषा लागते. एका अक्षावर लांबीचा ताण, दुसऱ्यावर रुंदीचा आणि ज्या ज्या जोडीला पत्रा शरण जातो, ते सर्व बिंदू जोडणारी ही रेषा. रिशार्ड फॉन मिझेस यांच्या १९१३ मधील सूत्रानुसार ती लंबवर्तुळाकार असते. पण ते सूत्र सर्व दिशांना सारख्या वागणाऱ्या धातूचे आहे. पोळी फिरवून फिरवून लाटली जाते, पत्रा मात्र रोलरखाली एकाच दिशेने. त्यामुळे त्यातील स्फटिककणांना विशिष्ट कल येतो.

ब्रिटिश गणितज्ञ रॉडनी हिल यांनी १९४८ मध्ये या दिशाभेदाला सूत्रात स्थान दिले. पट्टी ओढताना तिची रुंदी आणि जाडी कोणत्या प्रमाणात आक्रसतात, हे गुणोत्तर म्हणजे ‘आर-मूल्य’. पत्र्याच्या पृष्ठभागावर सर्व दिशांना हे मूल्य ०.६ आहे असे धरले, तर हिल यांच्या सूत्रानुसार दोन्ही दिशांच्या समान ताणाला तो एका दिशेच्या तुलनेत सुमारे ११ टक्के आधीच शरण जायला हवा. आर-मूल्य एकपेक्षा कमी असलेल्या ॲल्युमिनियमबाबत मात्र वुडथॉर्प आणि पिअर्स यांना १९७० मध्ये उलटेच आढळले. दोन दिशांना ताणताना पत्रा अधिक प्रतिकार करत होता. हिल यांनी स्वतः १९७९ मध्ये नवे सूत्र मांडले. एका दिशेच्या मोजमापावरून दुसरीचा अंदाज बांधण्यातील धोका या प्रकरणाने उघड केला.

थेट मोजमापासाठी अधिकच्या चिन्हासारखा चार भुजांचा नमुना कापून त्याच्या चारही भुजा ओढल्या जातात. कल्पना सोपी, अडचण भुजांची. लांबीची भुजा रुंदीच्या ताणाला अडवते आणि मध्यभागी नेमका किती ताण पोहोचला, हे कळेनासे होते. यावरचा उपाय म्हणजे भुजांमध्ये उभ्या चिरा पाडणे. त्यामुळे भुजा जणू सुट्या पट्ट्यांची होते आणि आडव्या हालचालीला फारसा विरोध करत नाही. टोकियो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाचे तोशिहिको कुवाबारा यांनी या पद्धतीवर पायाभूत काम केले. २०१४ मध्ये ‘आयएसओ १६८४२’ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले.

दोन दिशांच्या बलांचे प्रमाण १:१, २:१, ४:१ असे बदलत नवनवे नमुने ओढले जातात. यील्डचा क्षण अनेकदा ठळक नसतो. म्हणून कायमस्वरूपी विकृतीसाठी सारखेच कार्य खर्ची पडलेले बिंदू जोडून वक्ररेषा काढतात.

या चाचणीला मर्यादा आहेच. चिरांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि मध्यभाग काही टक्केच ताणला गेला असताना भुजा फाटतात. त्यापुढील विकृतीसाठी द्रवाच्या दाबाने पत्रा घुमटासारखा फुगवतात किंवा त्याची नळी करून तिला आतून दाब आणि लांबीच्या दिशेने ताण देतात.

मोटारी हलक्या करण्यासाठी ॲल्युमिनियम आणि उच्चबल पोलाद वाढत असल्याने या मोजमापाची निकड वाढली आहे. ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते. त्यामुळे डायमधून सुटल्यावर तेवढ्याच बळकटीचा पत्रा पोलादापेक्षा अधिक मागे उसळतो. ही उसळी गृहीत धरून डाय किती जास्त वाकवायची, हे चाकण, मानेसर किंवा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यासाठी संगणक आधीच ठरवतो आणि त्याच्या हिशेबाला आधार असतो तो याच वक्ररेषेचा.