काका, चप्पल राहिली!

पायातली चप्पल निसटते, माणूस चार पावलं तसाच पुढे जातो आणि मागून कुणीतरी ओरडतं, "ओ काका, चप्पल राहिली!" बघणाऱ्यांना वाटतं, चढलीय. पण सकाळचे दहा वाजलेत आणि काकांनी कालपासून थेंबही घेतलेला नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं असं होऊ लागलं की तळपायाची खबर वर पोचवणारे मज्जातंतू झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

कमरेजवळच्या पेशीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच धागा जातो, जवळपास मीटरभर लांब. त्याला लागणारी बहुतेक प्रथिनं पेशीत तयार होतात आणि तिथून टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. काही माल दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत सरकतो, काही जेमतेम दोन-चार मिलिमीटर. दारू आणि शरीरात तिच्यापासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड या वाहतुकीत खोडा घालतात. कालव्याचं आवर्तन कमी दाबाने सुटलं की टेलच्या शेतकऱ्याचं पाणी आधी तुटतं, हे नाशिकच्या गंगापूर धरणाखालच्या माणसाला सांगायला नको. इथे टेल म्हणजे पायाची बोटं. आधी तिथे मुंग्या, मग पाऊल बधिर, मग पोटऱ्यांत गोळे. रात्री तळपायाची अशी आग की पांघरूणही सोसवत नाही. मोरीवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण पाय कुठे आहेत हे आता फक्त डोळेच सांगत असतात.

दुसरा घाव ब-1 जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा. अंगातला साठा 25-30 मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपणारा. गंमत अशी की चखण्यातल्या शेंगदाण्यांत ते भरपूर असतं, पण दारू आतड्यातून ते नीट शोषूच देत नाही. आणि पिणाऱ्याचं जेवण बऱ्याचदा त्या शेंगदाण्यांवरच आटोपलेलं असतं. अशक्त झालेल्या अशा माणसाला घरचे म्हणतात, "एक सलाईन लावा." थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलासुरला साठाही खर्ची पडून मेंदूवर बेतू शकतं. कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच: डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल डगमगते, भान हरपतं. म्हणून पिण्याची सवय डॉक्टरांपासून लपवू नये, विचारलं नाही तरी सांगावी.

2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य बरंच गाजलं. द्राक्षबागायतदारांची बाजू मला कळते, पण मज्जातंतूंचा हिशेब वेगळा आहे. 180 मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. 750 मिलिलिटरच्या वाइनच्या बाटलीत 70 ग्रॅमच्या वर. पेलाभर आणि बाटलीभर यांत फरक आहेच. तो प्रमाणाचा, द्राक्षांचा नव्हे.

दारू पूर्ण सुटली आणि थायमिन मिळालं तर आग कमी होते, चाल सुधारते. मात्र तुटलेला धागा वाढतो तो दिवसाला मिलिमीटरभर, आणि दर वेळी टोकापर्यंत पोचतोच असं नाही.

तपासणीत डॉक्टर साखर बघतात, कारण मधुमेहातही हेच दिसतं. मग 128 हर्ट्झचा नादकाटा हातावर ठोकून पायाच्या अंगठ्यावर टेकवतात. "कंप जाणवतोय?" काका म्हणतात, थांबला. डॉक्टर तोच काटा स्वतःच्या बोटावर टेकवतात. तिथे तो अजून थरथरतोय.