संघ घरी परततो तेव्हा

अड्यार या नावाशी मराठी वाचकाचा परिचय बहुधा थिऑसॉफिकल सोसायटीमुळे झालेला असतो. न्यूयॉर्क येथे १८७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईस आले. डिसेंबर १८८२ मध्ये त्यांनी संस्थेचे मुख्यालय मुंबईहून मद्रासला, अड्यार नदीच्या दक्षिण तीरावर हलविले. तेव्हापासून संस्थेचे नाव आणि स्थानाचे नाव एकमेकांपासून वेगळे काढता आलेले नाही. याच परिसरात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली ज्या कलासंस्थेचा पाया घातला, ती कलाक्षेत्र संस्था पुढे शेजारच्या तिरुवान्मियूर येथे स्वतःच्या विस्तीर्ण आवारात गेली आणि तेथे बहरली. हक्काची जागा मिळाली की संस्थेला मूळ धरता येते, याची ही दोन उदाहरणे अड्यारकरांच्या नित्य पाहण्यातली आहेत.

अड्यारचा पूल ओलांडून उत्तरेस आठ-दहा किलोमीटर गेले की एग्मोर लागते. तेथील मेयर राधाकृष्णन हॉकी स्टेडियममध्ये जानेवारी २०२६ मध्ये असेच एक स्थलांतर घडले. ‘तामिळनाडू ड्रॅगन्स’ हा व्यावसायिक हॉकी संघ आपल्या दुसऱ्या हंगामात प्रथमच आपल्या राज्यात, आपल्या प्रेक्षकांसमोर उतरला. वरवर पाहता ही क्रीडापानावरची लहानशी वार्ता. परंतु तिच्यामागे चेन्नईच्या व्यावसायिक हॉकीचा वीस वर्षांचा वनवास आहे, आणि त्या वनवासात महाराष्ट्रही सहप्रवासी होता.

जुने शहर, जुना खेळ

मद्रासला हॉकी नवी नाही. मद्रास क्रिकेट क्लबची हॉकी स्पर्धा १९०१ साली सुरू झाली. आज ती मुरुगप्पा सुवर्णचषक या नावाने ओळखली जाते आणि देशातील जुन्या स्पर्धांमध्ये तिची गणना होते. मुंबईच्या आगाखान स्पर्धेचा जन्म त्याच्या पाचच वर्षे आधीचा, १८९६ चा. भारताने हॉकीतील आपले आजवरचे अखेरचे ऑलिम्पिक सुवर्णपदक १९८० साली मॉस्को येथे जिंकले, तेव्हा संघाचे नेतृत्व मद्रासच्या वासुदेवन भास्करन यांच्याकडे होते. दक्षिणेकडे तूतुकुडी जिल्ह्यातील कोविलपट्टी हे काड्यापेट्या आणि शेंगदाण्याच्या चिक्कीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथे हॉकी इतकी रुजली आहे, की लोक त्याला कौतुकाने ‘हॉकीपट्टी’ म्हणतात.

मात्र दरम्यान खेळाचे मैदानच बदलले होते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. मातीवर आणि गवतावर घडलेले मनगटी कौशल्य नव्या, वेगवान पृष्ठभागावर अपुरे पडू लागले. कृत्रिम मैदान खर्चाचे, त्याची देखभालही खर्चाची. त्यामुळे क्लबांच्या आणि शाळांच्या असंख्य गवताळ मैदानांचे महत्त्व ओसरले आणि मोठी हॉकी शहरागणिक एखाद-दुसऱ्या स्टेडियमपुरती उरली. चेन्नईत हे स्थान एग्मोरला मिळाले. १९९६ ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा येथे झाली आणि नेदरलँड्सने ती जिंकली. २००५ मध्ये ती पुन्हा येथे आली, तेव्हा ऑस्ट्रेलिया विजेता ठरला. २००७ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाचा ७-२ असा पराभव केला, तोही याच मैदानावर.

म्हणजे शहराकडे परंपरा होती, प्रेक्षक होते आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्टेडियमही होते. नव्हता तो या स्टेडियमला आपले म्हणणारा व्यावसायिक संघ.

नाव एका गावाचे, मैदान दुसऱ्या

हॉकीपटूचा चरितार्थ आपल्याकडे दीर्घकाळ खेळावर नव्हे, तर नोकरीवर चालत आला आहे. रेल्वे, पोलीस, सेनादले, विमान कंपन्या आणि राष्ट्रीयीकृत बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या म्हणून खेळ तगला. चेन्नईत इंडियन ओव्हरसीज बँकेच्या हॉकी संघाचे नाव आजही आदराने घेतले जाते. सकाळी सराव, नंतर काउंटरवर काम आणि स्पर्धेच्या दिवसांत विशेष रजा, हे वेळापत्रक बँकेतील अनेक वाचकांना आपल्या सहकाऱ्यांच्या रूपाने परिचित असेल. या व्यवस्थेने खेळाडूला निवृत्तीपर्यंतची निश्चिंती दिली. पण या संघांची निष्ठा संस्थेशी होती, त्यांच्यामागे उभे राहणारे एखादे शहर नव्हते.

शहरांच्या नावाचे संघ उभे करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेली प्रीमियर हॉकी लीग. क्रिकेटमध्ये इंडियन प्रीमियर लीगचा जन्म व्हायला तेव्हा तीन वर्षे होती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. पहिल्या हंगामात वरच्या गटात पाच संघ होते. त्यांत चेन्नईचा ‘चेन्नई वीरन्स’ होता आणि महाराष्ट्राचा ‘मराठा वॉरियर्स’. मराठा वॉरियर्सकडून खेळले ते धनराज पिल्ले. तमिळ कुटुंबात जन्मलेले आणि पुण्याजवळच्या खडकीत लहानाचे मोठे झालेले धनराज म्हणजे या दोन राज्यांमधील हॉकीचा जिवंत दुवाच होय.

परंतु या दोन्ही संघांना घर नव्हते. पहिल्या हंगामाचे सर्व सामने हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियममध्ये झाले. चेन्नईचा संघ चेन्नईत दिसला नाही आणि मराठ्यांचा संघ महाराष्ट्रात दिसला नाही. हैदराबादच्या प्रेक्षकांना मात्र आपला संघ रोज डोळ्यांसमोर होता, आणि विजेतेपदही हैदराबाद सुलतान्स या त्यांच्याच संघाने पटकावले.

संयोजकांच्या निर्णयामागे व्यवहार होता. एकाच ठिकाणी सामने ठेवले की प्रवास वाचतो, सर्व संघांची निवासव्यवस्था एकत्र होते आणि दूरचित्रवाणीची यंत्रसामग्री एकदाच उभारावी लागते. हिशेबाच्या वहीत ही बचत स्पष्ट दिसते. मात्र त्यामुळे काय गमावले, हे वहीत कोठेच दिसत नाही. आपल्या गावी न खेळणाऱ्या संघाला तिकीटविक्रीचे उत्पन्न नसते आणि स्थानिक व्यापाऱ्याला त्याच्या अंगरख्यावर आपले नाव झळकविण्यात रस वाटत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कुंपणाला नाक लावून सराव पाहणारी मुले त्याला मिळत नाहीत. चार हंगामांनंतर ही लीग २००८ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी भारतीय पुरुष संघ इतिहासात प्रथमच ऑलिम्पिकसाठी अपात्र ठरला.

एक वसंत आणि मोठा खंड

दुसरा प्रयत्न २०१२ च्या फेब्रुवारीअखेरीस ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’च्या रूपाने झाला. येथे संयोजकांनी नेमकी उलट वाट धरली. आठ शहरांचे आठ संघ निवडून सामने त्या त्या शहरांत ठेवले गेले. ‘चेन्नई चीताज’ एग्मोरला खेळले, ‘मुंबई मरीन्स’ चर्चगेटजवळच्या महिंद्र स्टेडियममध्ये, तर ‘पुणे स्ट्रायकर्स’ने आपल्या शहरात सामने खेळून थेट अंतिम फेरी गाठली. भोपाळच्या ऐशबाग मैदानावर तर प्रेक्षकांची झुंबड उडाली. शहर आणि संघ यांची गाठ घातली की काय घडते, याचा प्रत्यय त्या पाच आठवड्यांत आला. परंतु या स्पर्धेला आंतरराष्ट्रीय महासंघाची आणि हॉकी इंडियाची मान्यता नव्हती. खेळाडू कात्रीत सापडले आणि दुसरा हंगाम कधी झालाच नाही.

२०१३ मध्ये मान्यताप्राप्त ‘हॉकी इंडिया लीग’ सुरू झाली. तिच्या पहिल्या पाच संघांत मुंबई होती, चेन्नई नव्हती. २०१७ च्या हंगामानंतर ही लीगही थांबली आणि पुढे सात वर्षे देशात पुरुषांची मोठी व्यावसायिक लीग उरली नाही.

लीगचे पुनरुज्जीवन झाले ते डिसेंबर २०२४ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत तीन दिवस लिलाव झाला. प्रत्येक पुरुष संघाला खेळाडूंसाठी ४ कोटी रुपयांची मर्यादा होती, तर भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याच्यासाठी ७८ लाख रुपयांची सर्वोच्च बोली लागली. आठ पुरुष संघांत तामिळनाडू ड्रॅगन्सचा समावेश होता. मात्र महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. ज्या राज्याने २००५ मध्ये मराठा वॉरियर्स आणि २०१२ मध्ये अंतिम फेरीतील पुणे स्ट्रायकर्स पाहिले, त्या राज्यातील वाचकाला ही उणीव बोचल्यावाचून राहणार नाही.

ड्रॅगन्सचा पहिला हंगामही परगावीच गेला. पुरुषांचे सामने प्रामुख्याने ओडिशातील राउरकेला येथे झाले. तेथील बिरसा मुंडा स्टेडियम भव्य आहे आणि प्रेक्षकही जाणकार आहेत, पण चेन्नईपासून ते हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. ड्रॅगन्सनी उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली, तरी ज्यांच्या नावाने ते खेळत होते, त्या लोकांनी ती केवळ पडद्यावर पाहिली.

उसाचा धागा असलेले मैदान

दरम्यान एग्मोरचे मैदान पुन्हा सज्ज झाले होते. २०२३ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धेसाठी स्टेडियमचे नूतनीकरण झाले आणि पॅरिस ऑलिम्पिकसाठी निवडलेल्या प्रकारची निळी हिरवळ तेथे अंथरण्यात आली. हिच्या धाग्यांसाठी लागणारे प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलाऐवजी उसापासून तयार केलेले असते, हे कळल्यावर कोल्हापूर-सांगलीकडील वाचकास निश्चितच कौतुक वाटेल. या हिरवळीस पाणीही पूर्वीच्या प्रकारांपेक्षा कमी लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात ज्या शहराचे मुख्य जलाशय कोरडे पडले होते, त्या शहराच्या दृष्टीने ही बाब गौण नाही.

१२ ऑगस्ट २०२३ रोजी या नव्या मैदानावर भारत आणि मलेशिया यांच्यात अंतिम सामना झाला. मध्यंतरापर्यंत भारत १-३ असा पिछाडीवर होता. उत्तरार्धात तीन गोल करून त्याने सामना ४-३ असा जिंकला. त्या भारतीय संघात अरियलूर जिल्ह्यातील कार्ती सेल्वम हा तमिळ तरुण होता, जो पुढे ड्रॅगन्सकडून खेळला. २०२५ च्या अखेरीस चेन्नई आणि मदुराई येथे कनिष्ठ गटाची विश्वचषक स्पर्धा झाली. २४ देश प्रथमच तीत सहभागी झाले. जर्मनी विजेता ठरला आणि भारताने कांस्यपदक मिळविले.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२६ मध्ये लीगचा पुरुषांचा हंगाम चेन्नईत सुरू झाला. पोंगल आठवड्यावर आलेला, हवेत सुखद गारवा. अशा दिवसांत ड्रॅगन्स आपल्या मैदानावर आले.

पहिला हप्ता

येथे वास्तवाचे भान ठेवणेही अगत्याचे आहे. स्पर्धेचा मुक्काम चेन्नईत काही दिवसांपुरताच होता. त्यानंतर सर्व संघ रांचीस आणि मग भुवनेश्वरला रवाना झाले. युरोपातील क्लबांचे असते तसे वर्षभराचे घर ड्रॅगन्सना अद्याप लाभलेले नाही. संयोजकांपुढील प्रवासखर्चाचा आणि प्रक्षेपणाचा प्रश्न २००५ मध्ये होता तसाच आजही आहे. संघाचे खरे स्थलांतर व्हायचे असेल, तर सामन्यांच्या दिवसांपलीकडे सराव, प्रशिक्षण आणि शालेय स्पर्धा यांच्या रूपाने तो संघ शहरात दिसत राहिला पाहिजे. नाहीतर सुसज्ज स्टेडियम हे उत्तम इमारत असलेल्या, पण खातेदार नसलेल्या शाखेसारखे होऊन बसेल.

बँकेच्या व्यवहारात विश्वासाचे महत्त्व कोणास समजावून सांगावे लागत नाही. खातेदार शाखेशी जोडला जातो तो एका मोठ्या ठेवीमुळे नव्हे. वर्षानुवर्षे तेच दार उघडे दिसते, तीच माणसे ओळख देतात, म्हणून जोडला जातो. संघ आणि शहर यांचे नातेही असेच, हप्त्याहप्त्याने जमा होणारे. चेन्नई वीरन्सच्या खात्यात पहिल्या हंगामात आपल्या शहरातील एकही सामना जमा झाला नाही. चेन्नई चीताजचे खाते एका हंगामानंतर बंद झाले. ड्रॅगन्सनी मात्र उशिरा का होईना, पहिला हप्ता भरला आहे.

अड्यारमधील एखाद्या शाळकरी मुलाने त्या जानेवारीत वडिलांचे बोट धरून एग्मोर गाठले असेल आणि निळ्या मैदानावर आपल्या राज्याचे नाव पाठीवर घेऊन धावणारे खेळाडू पाहिले असतील, तर त्याच्या मनात त्या संघाचे खाते उघडले गेले. पुढच्या जानेवारीत त्याला पुन्हा त्याच फाटकाशी जाता आले पाहिजे. आणि खडकीच्या, कोल्हापूरच्या किंवा चर्चगेटच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मुलालाही आपल्या संघाची अशी वाट पाहण्याचा हक्क आहे, याचा विसर महाराष्ट्राने पडू देता कामा नये.