लोहगडावरील नानांची बाव

गेल्या मार्गशीर्षांत नातवंडांसह लोहगडास जाण्याचा योग आला. मळवली स्थानकावर उतरून भाजें गांवावरून आम्हीं गायमुखाची खिंड गांठली. खिंडीच्या डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड व त्याच्या पायथ्याशीं लोहगडवाडी. पुढें पायऱ्या व गणेश, नारायण, हनुमान, महा असे चार दरवाजे लागतात. त्यांपैकीं नारायण दरवाजा नाना फडणिसांनीं बांधविला. त्याच्याजवळील भुयारांत भात व नाचणी सांठवीत.

नानांनीं आपलें द्रव्य धोंडोपंत नित्सुरे यांच्या भरंवशावर याच गडावर ठेविलें होतें. नानांच्या मागें त्यांच्या पत्नी जिऊबाई यांनींही कांहीं काळ येथेंच आश्रय घेतला. हें सांगतांच धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, मग तो खजिना आतां कोठें आहे?" मीं म्हटलें, "वर चल, मग सांगतों."

माझा पुतण्या अमेरिकेंत असतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांची माउंट व्हर्नन येथील शेतवाडी पाहून त्यानें लिहिलेलें पत्र मला वाटेंत आठवलें. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजीं वारले, नाना १३ मार्च १८०० रोजीं. म्हणजे दोघेही समकालीन. वॉशिंग्टन यांनीं मळणीसाठीं सोळा बाजूंचें कोठार बांधविलें होतें. वरच्या मजल्यावर घोडे गव्हावरून फिरत व फटींतून दाणे खालीं पडत. तें कोठार हल्लीं पुनः उभारलें आहे. तेथील वाडा १८५८ सालीं स्त्रियांच्या एका मंडळानें वर्गणी जमवून विकत घेण्याचें ठरविलें, म्हणून तो वांचला. तेथें राबणाऱ्या तीनशेंहून अधिक गुलामांची हकीकतही आज पाहुण्यांस सांगतात. थोरांचें स्मरण असें प्रांजळ असावें.

गडावर नानांचें तळें पाहिलें, तेंही सोळाकोनीच! हा मेळ केवळ योगायोगाचा. परंतु गुप्तधनाच्या लोभानें लोकांनीं हें तळें फोडलें, असें सांगतात. त्या दिवशीं पाण्यांत रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. जुलै २०२५ मध्यें लोहगडाची गणना जागतिक वारशांत झाली. तथापि मान मिळाला म्हणजे जतन झालें, असें नव्हे.

अखेर बावेपाशीं आलों. तेथील शिलालेखावर थोरल्या नातीनें बोट फिरवीत अक्षरें लावलीं: शके १७११, बाळाजी जनार्दन फडणीस, धोंडो बल्लाळ नित्सुरे. दगड वाहणाऱ्यांचीं नांवें मात्र त्यांत नाहींत. आपल्या शास्त्रांत वापी, कूप, तडाग बांधणें हें पूर्तकर्म मानिलें आहे. त्यांत राबणाऱ्या हातांचाही वांटा असलाच पाहिजे.

"बाळ," मीं नातवास म्हटलें, "द्रव्य गेलें, सत्ता गेली, हें पाणी तेवढें राहिलें."

तो कांहीं बोलला नाहीं. परततांना तळ्याच्या कांठच्या चार बाटल्या त्यानें आपल्या पिशवींत भरल्या. मला तेवढें पुरें झालें.